टॅबलेट घ्यावा की ई-रीडर? सीमेवरच्या मराठी वाचकाचा हिशेब

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतील आम्हा दहा-बारा मराठी कुटुंबांत गेली कित्येक वर्षे एक साधा रिवाज चालत आला आहे. कोणी नागपूरला गेले की एक-दोन पुस्तके आणावीत, स्वतः वाचावीत आणि पुढच्या घरी द्यावीत. यंदा या मंडळींनी वर्गणी काढून वाचनासाठी एखादे यंत्र घ्यावे असे ठरवले, आणि लगेच दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे, टॅबलेट घ्यावा. त्यात सर्व काही होते. आमच्या वयाच्या मंडळींचे म्हणणे, ई-रीडर घ्यावा. त्यात पुस्तकाखेरीज काहीच होत नाही. व्यवसायाने वकील असल्यामुळे दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून टिपण करण्याचे काम आमच्याकडे आले. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अनेक मराठी घरांत हाच प्रश्न निघत असणार, म्हणून ते टिपण थोडे विस्ताराने येथे मांडत आहोत.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न सोयीचा आहे. पुस्तक त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ग्रंथालयात मिळते; यंत्र केवळ प्रवासातले ओझे कमी करते. आमचे तसे नाही. नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातला आमचा मराठी पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्हा मराठी बोलणाऱ्यांचा, कारभार हिंदीचा. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे सांगणारे संविधानाचे ३५०-अ कलम त्याच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, हा योगायोग आम्हाला नेहमी बोचतो. आमची मुले घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकतात. आम्ही स्वतः दिवसभर कोर्टात हिंदी-इंग्रजी कागद चाळतो. मराठी पुस्तक हवे तर आगगाडीने सुमारे शंभर किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. ज्या गावात मराठी पुस्तक मिळतच नाही, त्या गावात पडद्यावरचे पुस्तक हेच अनेकदा एकमेव पुस्तक ठरते. म्हणून यंत्राची निवड आम्ही जरा गंभीरपणे घेतली.

आधी यंत्रांची जात समजून घेऊ. टॅबलेटचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, आणि चित्र हलत नसले तरी तो सेकंदाला सहसा साठ वेळा नव्याने रेखला जातो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा बाहेरच्या प्रकाशावर वाचला जातो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण, एकांवर धन विद्युतभार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा हलका झटका दिला की काळे कण वर येतात किंवा पांढरे, आणि एकदा वर आले की वीज तोडली तरी तेथेच राहतात. म्हणजे पान उलटण्यापुरतीच वीज खर्च होते. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या मंडळींनी १९९७ साली ई इंक ही कंपनी काढली. २००४ साली सोनीने जपानात या पडद्याचे वाचनयंत्र विक्रीस आणले. २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचे किंडल निघाले आणि २०१२ साली ते भारतात पोचले. किंडलमध्ये रात्री वाचण्यासाठी दिवे असतात, पण ते कडेने पडद्यावर पडतात, डोळ्यांत घुसत नाहीत.

या रचनेचे फायदे आमच्या मुलखात फार चटकन लक्षात येतात. वैशाखात संत्र्याच्या बगीच्यात बसून टॅबलेट उघडला, तर त्यात पुस्तकाऐवजी आपलेच घामेजलेले तोंड दिसते. ई-रीडरवर ऊन जितके कडक तितके अक्षर स्पष्ट. पावसाळ्यात वीज गेली की टॅबलेट दुसऱ्या दिवशी मान टाकतो. ई-रीडरची बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. (कंपन्या हा हिशेब रोज अर्धा तास वाचन गृहीत धरून करतात, हे जाहिरातीच्या खालच्या बारीक टाइपात असते. आमच्यासारखा रोज दोन तास वाचणारा असेल तर आठवड्यांची संख्या त्या मानाने उतरते.) वजनाचेही तसेच. साधा ई-रीडर दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमचा, दहा इंची टॅबलेट साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा. उताणे पडून वाचताना डुलकी लागली तर कोणता नाकावर पडलेला परवडेल, याचा अनुभव घेतलेली मंडळी आमच्यात आहेत.

डोळ्यांचा मुद्दा वयाबरोबर वाढतो. आपल्या भाषेने जवळच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणून टाकले आहे. आमची तर पन्नाशीही केव्हाच ओलांडली. दोन्ही यंत्रांत अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि छापील पुस्तकाला ते कधीच जमणार नाही. झोपेविषयी मात्र दोहोंत फरक दिसतो. अमेरिकेतील हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बारा जणांना काही रात्री आयपॅडवर आणि काही रात्री छापील पुस्तकात झोपण्यापूर्वी चार तास वाचायला लावले. आयपॅडच्या रात्री झोप उशिरा लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची हुशारी कमी झाली. बारा माणसे म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, आणि चार तास सलग वाचणारा आजकाल भेटतो कोठे? तरी दिशा कळते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट निरोपांची. टॅबलेटवर कादंबरीचे तिसरे प्रकरण चालू असते आणि वरून पट्टी उतरते: उद्याच्या पेशीला साक्षीदार येणार की नाही? प्रकरण तेथेच राहते. ई-रीडर या बाबतीत बहिरा आहे, आणि तो त्याचा गुण आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही जी मराठी पुस्तके शेवटच्या पानापर्यंत नेली, त्यांतली बहुतेक कागदावर किंवा ई-रीडरवर वाचली. टॅबलेटवर सुरू केलेली पुष्कळशी अजून मध्येच थांबली आहेत.

येथपर्यंत ऐकून आमच्या वयाची मंडळी प्रसन्न झाली. तरुणांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला: या यंत्रात घालायचे काय?

मराठी वाचकाचा खरा खटला येथे उभा राहतो. ई-रीडरला वाहता मजकूर लागतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप खाली सरकाव्यात, पान नव्याने जुळावे, अशा रीतीने बांधलेली फाइल. तिचा सर्वमान्य प्रकार म्हणजे ईपब. इंग्रजी पुस्तके बहुधा अशा रूपात मिळतात. मराठीचा मोठा साठा मात्र पीडीएफमध्ये आहे, म्हणजे पानाच्या गोठवलेल्या चित्रात. जुनी पुस्तके स्कॅन केलेली असल्यामुळे ती चित्रे असणे समजण्यासारखे आहे. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकावर जुळवलेली पुस्तके तरी मजकूर म्हणून मिळावीत ना? ती मिळत नाहीत, कारण त्या काळात मराठी छपाई श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींवर झाली. युनिकोडपूर्वीच्या या टंकांत प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे. तो टंक काढून घेतला की उरतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा बाजार. अशी फाइल युनिकोडमध्ये आणायची तर रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरानंतर प्रत्येक ओळ मुद्रितशोधकाच्या डोळ्याखालून घालावी लागते. तो खर्च कोणी करावा, या प्रश्नावर पुष्कळ प्रकाशकांचे काम थांबते आणि ते पीडीएफ काढून मोकळे होतात.

आता सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ उघडून पाहा. या पडद्याची रुंदी साधारण ३.६ इंच आणि उंची ४.८ इंच. आपली डेमी आकाराची कादंबरी साडेपाच बाय साडेआठ इंचांची. संपूर्ण पान पडद्यावर मावायचे तर ते निम्म्याहून थोडेच मोठे उरते. बारा पॉइंटचा टाइप सातच्या खाली जातो. समास कापून थोडे सावरता येते, पण ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार वेगळे ओळखणे कठीणच राहते. जुन्या साध्या ई-रीडरांत इंचाला १६७ ठिपके असत, नव्यांत ३०० असतात. तीनशेवर देवनागरीची जोडाक्षरे छापल्यासारखी उमटतात, १६७ वर ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांत फरक करायला नाक पडद्याला लावावे लागते. (तसे ‘शुध्द’ लिहिणाऱ्यांना तो फरक कागदावरही दिसत नाही, ती गोष्ट निराळी.) उलट दहा इंची टॅबलेटवर डेमी पान जवळजवळ जशास तसे मावते. मोठी स्कॅन केलेली फाइलही तो पटापट उलटतो. ई-रीडर प्रत्येक पानाला दम खातो.

आणि फुकट, कायदेशीर, उत्तम मराठी वाचन कोठे आहे ते पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केलेले कितीतरी ग्रंथ त्याच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये खुले आहेत. सीमा ओलांडायला त्यांना परवाना लागत नाही. ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षे विनामूल्य मराठी पुस्तके देत आहे, तीही मुख्यतः पीडीएफच. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आज पडद्यावर पाहता येतात, पण त्यातली रंगीत चित्रे काळ्या-पांढऱ्या यंत्रावर राखेसारखी दिसतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचावा लागतो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात ठेवली आहे, तीही संकेतस्थळावर. ई-रीडरमध्ये संकेतस्थळ उघडता येते म्हणतात. बैलगाडीनेही नागपूरला जाता येते.

विकत घ्यायचे म्हटले तरी वाटा फुटलेल्या आहेत. ॲमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची ई-पुस्तके आणली, आणि तेव्हापासून तेथे मराठी पुस्तके वाढत गेली आहेत. ती किंडलवर सुरेख वाचता येतात. पण बुकगंगाची ई-पुस्तके बुकगंगाच्या ॲपमध्ये उघडतात, आणि ॲप म्हटले की टॅबलेट किंवा फोन आला. उलट किंडलचे ॲप टॅबलेटवर चालते. म्हणजे टॅबलेटवाल्याला दोन्ही दुकाने उघडी, किंडलवाल्याला एकच. अँड्रॉइडवर चालणारे ई इंकचे यंत्र हा मधला मार्ग आहे. ऑनिक्स बूक्ससारख्या कंपन्या दहा इंची पडद्याचीही अशी यंत्रे करतात आणि त्यांत कोणतेही ॲप घालता येते. ज्यांना परवडेल त्यांनी ते अवश्य पाहावे. आमच्या वर्गणीत ते बसत नव्हते. साधारण पेपरव्हाइट किंडल सोळा-सतरा हजारांच्या घरात, तेवढ्यातच बरा टॅबलेट. मोठ्या पडद्याचे ई इंक यंत्र त्याच्या कितीतरी पुढे.

आता एक मुद्दा, जो कोणत्याही खरेदीच्या सल्ल्यात सापडत नाही आणि आम्हाला मात्र रात्रभर जागवतो. आमच्या पुतण्याची मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी तिला येते, म्हणून मराठी पुस्तकही वाचता येते असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात ती जेथे अडते, त्या जागा अगदी ठरलेल्या आहेत. ‘शिक्षा’ वाचली की तिला अभ्यास आठवतो; आम्हाला भारतीय न्याय संहिता आठवते. ‘ळ’ तिला बोलता येत होता, पण वाचताना ती थबकायची, कारण शाळेच्या पुस्तकात तो तिला कधी भेटलाच नव्हता. शिवाय आमच्याकडच्या वऱ्हाडी वळणात डोळ्याचा डोया होतो, तेव्हा घरातही त्याची साक्ष कच्चीच. आणि तिसरी जागा म्हणजे ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांतला आडवा, पापणीसारखा रकार. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. ‘आचार्याला’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्याला’ भाजीत मीठ कमी आहे असे सांगायचे. हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे ज्या यंत्राची देवनागरी हिंदीपुरती तपासली असेल, त्यात हा रकार मोडून रफार होतो किंवा पाय मोडलेला ‘र्’ उघडा पडतो. आमच्या हाती आलेल्या एका जुन्या यंत्रात ‘वऱ्हाड’ हा शब्दच धड उमटत नव्हता. ज्या पुस्तकात वऱ्हाडाचे नाव नीट लिहिता येत नाही, ते पुस्तक सौंसरच्या मुलीने आपले का मानावे?

तीच कथा ‘ल’ आणि ‘श’ यांची. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा वापर करावा असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा निघाला. पुष्कळ यंत्रांतील मूळ टंक हिंदी वळणाचे असतात. काही टंकांत दोन्ही वळणे दडलेली असतात आणि फाइलमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण बाहेर येते. ज्याने ई-पुस्तक बांधताना ती एक नोंद करायचा कंटाळा केला, त्याच्या पुस्तकातला ल हिंदीच राहतो. महाराष्ट्रातल्या मुलाला याने काही फरक पडणार नाही. त्याच्या भोवती मराठी लकाराच्या पाट्या आहेत. आमच्याकडे गावातल्या सगळ्या पाट्या हिंदी वळणाच्या. मराठी अक्षराचे मराठी वळण मुलाच्या नजरेस पडण्याची जागा पुस्तक हीच, आणि तेथेही ते नसेल तर कोठेच नाही. गंमत अशी की या बाबतीत पीडीएफ, ज्याला आम्ही एवढा वेळ नावे ठेवली, ती सरस ठरते. ती पानाचे चित्र असल्यामुळे जुळारीने बसवलेले अक्षर जसेच्या तसे दाखवते. घेण्यापूर्वी दुकानात किंवा मित्राच्या यंत्रावर ‘वऱ्हाड, दऱ्या, ॲड., शाळा, लळा’ एवढे पाच शब्द मराठी पुस्तकातून उघडून पाहावेत, ही आमची सर्वांना सूचना आहे. बेळगाव, भालकी, निपाणीच्या वाचकांना ती लागू पडते आणि बऱ्हाणपूरच्या वाचकांना तर गावाच्या नावापासूनच.

आता कायद्याकडे येऊ, कारण त्याशिवाय आमचे टिपण पूर्ण कसे व्हावे. छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत आपली जंगम मालमत्ता होते. प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या १४ व्या कलमात प्रती लोकांत आणण्याचा अधिकार लेखकाकडे ठेवलेला आहे, पण एकदा विकली गेलेली प्रत ही आधीच प्रसारात आलेली मानावी असे स्पष्टीकरण जोडलेले आहे. त्या स्पष्टीकरणाच्या जोरावर एक पुस्तक पांढुर्ण्याहून सौंसरला, तेथून आणखी चार घरी निर्धास्त फिरते, आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्यांची नावे वाढत जातात. ई-पुस्तकात कोरे पान नसते. तेथे आपण पुस्तक घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. तो आपल्या खात्याशी बांधलेला असतो, देता येत नाही, मृत्युपत्रात लिहून ठेवता येईल अशीही त्याची धाटणी नसते. २००९ साली ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. त्यांतली एक कादंबरी ‘१९८४’ होती, हे कोणाला रचूनही सुचले नसते. २०२५ च्या फेब्रुवारीत किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही बंद झाली. सामाईक यंत्र घेऊ पाहणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच्या खात्यातली विकतची पुस्तके बारा घरांत फिरवणे परवान्याच्या अटींत बसत नाही.

आणि समाजमाध्यमांच्या गटांतून फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ? त्यांची शिफारस आम्हाला अनेक सुशिक्षितांनी केली, काहींनी तर भाषाप्रेमाच्या आवेशात. मराठी लेखकाला मिळणारी रॉयल्टी मुळात किती असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा आवेश आवरावा. ज्या भाषेचे पुस्तक विकले जात नाही, तिचे पुढचे पुस्तक निघत नाही.

सुदैवाने प्रताधिकाराला मुदत असते. आज ती लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आहे. १९९२ पूर्वी पन्नास होती. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेरला गेले. सौंसरहून नागपूरला जाताना वाटेवर लागते तेच सावनेर. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १९७० पासून सर्वांचे आहे. साने गुरुजी १९५० साली गेले. ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची. असे लेखन कोणीही टंकित करावे, ईपब बांधावी, हवे त्याला द्यावी. कोणाचा परवाना नको. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हेच करीत असतात आणि तेथील पुस्तक ईपबमध्ये उतरवून घेता येते. ई-रीडरसाठी फुकट, शुद्ध, वाहता मजकूर हवा असेल तर पहिली वाट ही.

मंडळींपुढे आम्ही ठेवलेला निर्णय असा. वर्गणीतून दहा इंची टॅबलेट घ्यावा. तो मुलांसाठी आणि संदर्भासाठी: किशोर, पाठ्यपुस्तके, मंडळाचे ग्रंथ, विश्वकोश, कोश. त्यात समाजमाध्यमाचे एकही ॲप घालू नये, आणि पुस्तके फक्त मुक्त किंवा परवानगीची. ज्यांचे वय झाले आहे, ज्यांना रोज तास-दोन तास एकटाकी वाचायचे आहे आणि कथा-कादंबरी-चरित्र हेच ज्यांचे वाचन आहे, त्यांनी आपापल्या पैशाने ई-रीडर घ्यावा, तोही तीनशे ठिपक्यांचाच, आणि विकतची पुस्तके त्याच्यावर घ्यावीत. डोळे फारच अधू असलेल्या एका ज्येष्ठांसाठी टॅबलेटच बरा ठरला, कारण तो युनिकोड मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो. पानाच्या चित्रापुढे मात्र तोही मुका.

तरुण मंडळी जिंकली असे त्यांना वाटते. आम्ही त्यांच्यावर दोन कामे घातली आहेत. पहिले पत्राचे: साहित्य संस्कृती मंडळाने आणि मराठी प्रकाशकांनी पीडीएफबरोबर युनिकोड ईपबही द्यावी, तिच्यात भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी, आणि आडवा रकार तपासून घ्यावा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने काय काय करता येईल याच्या याद्या पुष्कळ झाल्या, त्यांत ही मागणी स्वस्तातली आहे. मसुदा तयार आहे, सीमाभागातील ज्या वाचकांना सही करायची असेल त्यांनी कळवावे.

दुसरे काम ‘श्यामची आई’चे. पुस्तकातली एकेक रात्र एकेका घराने घ्यायची, जुन्या छापील प्रतीवरून युनिकोडमध्ये टंकित करायची आणि पुढच्या घराने ती तपासायची. काम धिम्या गतीने चालले आहे, कारण बहुतेकांची बोटे हिंदी कळफलकाला सरावलेली. पुतण्याच्या मुलीनेही एक रात्र मागून घेतली आहे. ‘ळ’ कोणत्या कळीवर आहे ते तिने कागदावर लिहून टॅबलेटच्या पाठीला चिकटवले आहे.